मुंगीचा खर्ज

सोमवार, ४ मार्च

मिळाला! मिळाला! मिळाला!

अठरा वर्षं या रेडिओ केंद्रात बोलक्या कार्यक्रमांची निर्माती म्हणून काढली. दातांची निगा, नोकरीच्या जागा, हवामान, पालकांच्या शंका. दुसऱ्यांनी बोलायचं आणि मी काचेपलीकडून 'आवरा, आवरा' म्हणून हातवारे करायचे. आज साहेबांनी, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांनी, बोलावलं आणि म्हणाले, "बाई, गुरुवारी संध्याकाळी पाचचा अर्धा तास रिकामा झालाय. सहा गुरुवार. तुमच्याकडे काही आहे?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बास गिटार!"

"ते काय असतं?"

"चार जाड तारांची गिटार असते, साहेब. गाण्यात ती असते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि नसते तेव्हा गाणं पोकळ लागतं. नवे, होतकरू, ऐकण्याजोगे सहा वाजवणारे शोधते. दर गुरुवारी एक. त्यांच्याशी गप्पा आणि त्यांचं वाजवणं."

"आणि बोलणार कोण?"

"मी," म्हटलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बघा बुवा."

हे वेड मला लेकाने लावलं. सुट्टीत वसतिगृहातून आला होता, तेव्हा माझ्या कानावर हेडफोन चढवून म्हणाला, "आई, गाणं नको ऐकूस. गाण्याच्या खालचं ऐक." ऐकलं, आणि वाटलं, अगं बाई, इतकी वर्षं आपण घराचे फक्त वरचे मजले बघत होतो.

संगीताच्या स्टुडिओचं छत उघडून ठेवलंय, दुरुस्ती चालू आहे. त्यामुळे आमच्या बोलक्या स्टुडिओतच ध्वनिमुद्रण करायचं. तिथली यंत्रं मीच चालवते, डोळे मिटून चालवीन. नवरा चष्म्याच्या दुकानातून आला तेव्हा दारातच सांगितलं. म्हणाला, "पण तुला त्यातलं काय कळतं?" म्हटलं, "काही नाही, म्हणून तर मजा!"

बुधवार, ६ मार्च

सहा जण ठरले. गेले वर्षभर चोरून ऐकत होते, छोट्या सभागृहांत, दुकानांच्या उद्घाटनांना, कॉलेजांच्या मागच्या अंगणांत. वहीत अकरा नावं होती, पाच खोडताना जिवावर आलं.

एक भूमितीचे मास्तर आहेत. तिशीतले, इस्त्रीचा शर्ट, वाजवताना एक केस हलत नाही, पण बोटांतून काय जोर निघतो! एक बेकरीवाला, कणीक मळून मळून अंगठा असा तयार झालाय की तारेवर मारला की खुर्ची दचकते. एक नर्स आहे, ती तीन सूर वाजवते आणि चौथा गाळते. त्या गाळलेल्या जागी मी दोनदा रडले आहे. एक मुलगी वाजवताना चक्क जांभया देते आणि ताल सुताइतकाही हलत नाही. एक गवंडी आहे, त्याच्याविषयी मी काही लिहितच नाही, ऐकावंच लागतं.

आणि पहिल्या गुरुवारी मुंगी.

मुंगी हे तिचं टोपणनाव. सव्वीस वर्षांची, अंगापिंडाने एवढीशी, गिटार गळ्यात घातली की गिटारच उभी आहे असं वाटतं. आणि त्या एवढ्याशा जिवातून जो खर्ज निघतो तो ऐकून मी चालता चालता थबकते.

शुक्रवार, ८ मार्च

मुंगीला तिच्या कामावर जाऊन भेटले. ती लिफ्टची देखभाल करते. नऊ मजली इमारत, तळमजल्यावर पाटी, 'काम चालू आहे, जिना वापरावा'. मी हाका मारल्या तर आवाज आला डोक्यावरून. लिफ्टच्या टपावर बसून तेल देत होती. हात काळे, कानामागे पाना.

"मॅडम, इथे कान लावा," म्हणाली. लोखंडी दोराला कान लावला. वरचं चाक फिरायला लागलं आणि दोर असा काही घुमला! "हा माझा पहिला सूर," म्हणाली. "सात वर्षं रोज ऐकते. हाच तारेवर शोधत असते."

मी तिथेच उडी मारली. नऊ मजल्यांच्या लिफ्टखाली उडी मारू नये, असं तिने सांगितलं.

मग जिन्यात बसून खरं काय ते बोलली. त्या मोठ्या गायिकाबाई आहेत ना, त्यांचा बासवाला मनगट मोडून बसलाय. पुढे आठ महिन्यांचा दौरा आहे. मुंगीने त्यांना लिहिलं. उत्तर आलं, 'पाठवलेल्या फिती मी ऐकत नाही, कुठे वाजवणार असाल तेव्हा कळवा.' तिने आमचा गुरुवार कळवलाय. त्या ऐकणार आहेत!

आणि इकडे लिफ्टच्या कंपनीने तिला बढती देऊ केलीय. दुसऱ्या शहरात, बारा माणसं हाताखाली. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते सांगायचं. "बाबा म्हणाले, एक वर्ष दिलं तुला गिटारसाठी, ते संपलं. खोटं नाही बोलले, खरंच दिलं होतं. आता हा गुरुवार नाही लागला, तर होकार लिहीन आणि गिटार विकायला काढीन."

"लागणार!" मी ओरडले. जिन्यात घुमलं.

सोमवार, ११ मार्च

आज ध्वनिमुद्रण झालं आणि मी अजून जमिनीवर नाही!

सकाळी लवकर जाऊन सगळं स्वतः मांडलं. मुंगीच्या गिटारीचा ध्वनिवर्धक, म्हणजे तो पेटीएवढा स्पीकर, टेबलाशेजारी ठेवला आणि त्याच्या तोंडाशी आमचा चांगला मायक्रोफोन उभा केला, पाहुण्यांच्या तोंडाशी करतो तसाच. हात सवयीने सगळीकडून फिरला. पातळी लावली, फीत लावली, खालचा घरघराट कापायचं लाल बटण दाबलं. आमच्या स्टुडिओत त्या बटणाशिवाय पान हलत नाही. रस्त्यावरचा ट्रक, वातानुकूलन, कुणी खुर्ची सरकवली, सगळं जाड खालचं एकदम साफ. त्याचा दिवा लागला की मला बरं वाटतं.

आणि वाजवलं तिने! माझ्यासमोर हातभर अंतरावर! फरशी थरथरली, पाण्याच्या पेल्यात वर्तुळं उठली, माझ्या बरगड्यांत वाजत होतं. कानावर ते हेडफोनचं टोपडं मला सहन होत नाही, म्हणून नेहमीप्रमाणे खुंटीलाच होतं. पातळीचा काटा बघत होते, छान नाचत होता. बारा मिनिटांचा तुकडा संपला तेव्हा मी काय विचारणार होते तेच विसरले. "बाई गं," एवढंच म्हटलं. ते मी कापणार नाहीये.

दुपारी कार्यालयात संगणकाच्या छोट्या स्पीकरवर संपादन केलं. तिचे 'म्हणजे' काढले, माझे 'अच्छा' काढले. एकोणीस 'अच्छा'! लाज वाटली. वाजवण्याला हातही लावला नाही.

गुरुवार, १४ मार्च

पाच वाजले आणि माझा आवाज रेडिओवर! स्वयंपाकघरात ओट्याशी आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. मी ओटा तीनदा पुसला. पण बोलले बरं मी, अगदी झकास बोलले.

संपल्या संपल्या साहेबांचा फोन, "बाई, लोकांना आवडतंय. लिफ्टचे किस्से फार छान." सात जणांनी केंद्रात फोन करून लिफ्टच्या शंका विचारल्या म्हणे!

घरचे मात्र घरचेच. सासूबाई म्हणाल्या, "पोरगी बोलली गोड. पण वाजवणार होती ना? कधी वाजवलं?" काय बोलणार, ऐंशी पार केलेले कान. नवरा म्हणाला, "टकटक जरा जास्त येत होती का?" म्हटलं, "तुझा रेडिओ बदल आधी."

मुंगीचा निरोप आला, 'ऐकलं. आभारी आहे, मॅडम.' बस, एवढाच. लाजाळू आहे बिचारी.

शुक्रवार, १५ मार्च

गायिकाबाईंचा स्वतःचा फोन! कार्यालयात! मी उभी राहून बोलले.

"अहो, कार्यक्रम चांगला करता. पण त्या मुलीचं माझ्याकडे नाही जमायचं," म्हणाल्या. "बोलते छान. वाजवते तेव्हा नुसत्या टिचक्या. मला गाताना पायाखाली काहीतरी घट्ट लागतं, ते हिच्या हातात नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुम्ही नीट ऐकलं नसेल." गायिकाबाईंना! तीस वर्षं गाणाऱ्या बाईला! त्या शांतपणे म्हणाल्या, "मी दुसरं काही करतच नाही हो, ऐकते," आणि फोन ठेवला.

मुंगीला कळवायला गेले. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "त्या बरोबर असतील. मीपण ऐकलं ना घरी. मला वाटायचं माझा हात जड आहे. रेडिओवर ऐकलं तर माझा मलाच ओळखता आला नाही. बाबांनी नुसता रेडिओ बंद केला."

काय या पोरी! जरा कुणी काही बोललं की लगेच अवसान गळतं. मी अर्धा तास समजावत होते. ती पाना पुसत होती.

मंगळवार, १९ मार्च

हे कसं लिहू कळत नाही. पण लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

आज भूमितीच्या मास्तरांचं ध्वनिमुद्रण होतं. तसंच मांडलं, तसंच बोललो, तसंच त्यांनी वाजवलं, तशीच फरशी थरथरली. मी टाळ्या वाजवल्या. मास्तर गिटार ठेवून म्हणाले, "मॅडम, एकदा ऐकू का? मुलांना सांगतो उत्तर तपासून बघा, मग मीही बघायला हवं." खुंटीवरचे हेडफोन त्यांना दिले.

ते ऐकत राहिले. कपाळाला आठी पडली. मग फार सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, माझी बोटं ऐकू येतात. पण मी कुठे आहे?"

मी हेडफोन ओढून घेतले. टक, टक, टिक, टक. तारेवर नख आपटल्याचा आवाज. त्याखाली काही नाही. नुसतं रितं.

वायर बदलली. मायक्रोफोन बदलला. मास्तर म्हणाले, "हा लाल दिवा कशाचा?"

अठरा वर्षं दाबलेलं बटण. जे जे जाड, जे जे खालचं, ते कापायचं बटण! बास गिटारच्या कार्यक्रमात मी बास कापला! ट्रक समजून, खुर्ची समजून कापला! आणि त्या छोट्या स्पीकरवर खर्ज एरवीही येत नाही, म्हणून संपादनातही कळलं नाही! बटण सोडलं, मास्तरांना पुन्हा चार सूर वाजवायला सांगितले, आणि हेडफोनमध्ये ते असे आले की माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मास्तरांना वाटलं आनंदाने.

मुंगी. अरे देवा, मुंगी! गायिकाबाई बरोबर होत्या, सासूबाई बरोबर होत्या, नवरासुद्धा बरोबर होता! एकटी मी चूक, आणि मीच सगळ्यांना त्यांचे कान तपासायला सांगत होते.

बुधवार, २० मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

"श्रोत्यांना कळलं का? नाही. तक्रार आली? नाही. उलट लिफ्टचं कौतुक झालं."

"पण साहेब, त्या मुलीचं..."

"बाई, ऐका. आपली चूक झाली, असं आपण प्रक्षेपणात सांगत नाही. मी इथे आलो तेव्हापासूनची रीत आहे. चूक झाली की पुढचा कार्यक्रम चांगला करायचा. उगाच नसतं उकरून काढलंत तर गुरुवार दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल."

मी गप्प बसले. का बसले ते इथे तरी खरं लिहिते. गुरुवार माझा आहे म्हणून. अठरा वर्षांनी माझा आवाज काचेच्या अलीकडे आलाय, आणि तो पुन्हा पलीकडे गेला तर या नुसत्या विचाराने मी गप्प बसले. माझी मलाच किळस आली, पण बसले.

गुरुवार, २१ मार्च

मास्तर वाजले. असे वाजले की ओट्यावरची भांडी बोलायला लागली. सासूबाई मान हलवत म्हणाल्या, "हं, हा वाजवतो."

मी तिथून उठून बाल्कनीत गेले. नवरा मागोमाग आला, म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. फार छान झालं."

शुक्रवार, २२ मार्च

गायिकाबाईंचा फोन. फार खुशीत. "हा मुलगा हवाय मला. मास्तर का? मास्तर तर मास्तर. नंबर द्या."

मी म्हटलं, "शोधून कळवते." नंबर माझ्यासमोर वहीत, ठळक अक्षरांत होता.

मास्तरांचा काय दोष? आणि मुंगीचा तरी काय दोष? दोष सगळा एकाच बाईचा, आणि ती दिवसभर खालमानेने हवामान संपादित करत बसली होती. नाही. पुरे झालं. उद्या जाते. काय व्हायचं ते होऊ दे.

शनिवार, २३ मार्च

गेले. रुग्णालयाची नवी इमारत, माल चढवायची मोठी लिफ्ट. मुंगी खाली खड्ड्यात उतरली होती, फक्त डोकं दिसत होतं. मी काठावर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बटण, घरघराट, मास्तर, टिचक्या. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

तिने पाना खाली ठेवला. मग वर चढून आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. बसलेल्या माझ्याएवढीच उंची तिची.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शनिवार."

"हो."

"चार दिवस, मॅडम." तिचा आवाज चढत गेला. "चार दिवस मी काय करत होते माहितीये? आरशासमोर उभी राहून हात बघत होते. म्हटलं, सात वर्षं आपण स्वतःला फसवलं, सगळे चांगुलपणाने वाहवा म्हणत होते, आणि रेडिओने खरं सांगितलं. काल गिटार विकायला काढली. हे बघा." डगल्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. कंपनीला लिहिलेला होकार. घडीवर तेलाचे डाग. "सोमवारी देणार होते."

मी म्हटलं, "मार मला."

"काय?"

"मार. बोल काहीतरी. मी भित्री आहे, आपमतलबी आहे. पण तुझा हात जड आहे गं, पोरी. मी समोर बसले होते, माझ्या बरगड्यांना विचार! तुझ्यासारखा खर्ज मी कुणाचा ऐकलेला नाही, मास्तरांचासुद्धा नाही!" आणि मी रडायला लागले. रुग्णालयाच्या दोन परिचारिका थांबून बघायला लागल्या. त्यांना वाटलं, आत कुणीतरी गेलं.

मुंगी एकदम माझ्या शेजारी बसली. "खरंच जड आहे?"

"वेडे, पेल्यातलं पाणी नाचत होतं."

मग तीही रडली. मग आम्ही दोघी रडता रडता हसलो, कारण तिने डोळे पुसले आणि तोंडभर ग्रीस झालं. शेवटी म्हणाली, "मी वाजवीन. पण फीत नको, थेट. आणि आधी तुम्ही सांगायचं काय झालं ते, सगळ्यांना. नुसतं पुन्हा वाजवलं तर लोक म्हणतील, एवढ्या दिवसांत शिकून आली."

"कबूल," म्हटलं. उठताना किती हलकं वाटत होतं!

सोमवार, २५ मार्च

मास्तरांकडे गेले, त्यांनाही सगळं सांगितलं. ते खडूची पूड झटकत म्हणाले, "मॅडम, मला दौरा हवा आहे. फार हवा आहे. शाळेतून रजाही मिळेल." मग खडू खाली ठेवून म्हणाले, "पण तिचं न ऐकता मला घेतलं तर ते मला आठ महिने खुपत राहील. त्यांना दोघांचं ऐकू द्या. माझा नंबर द्या, आणि गुरुवारी ऐकायलाही सांगा."

अशी माणसं असतात! मी घरी येईपर्यंत सगळ्या रस्त्याने गुणगुणत होते.

गायिकाबाईंना नंबर दिला. म्हटलं, "एकच विनंती, गुरुवारी पाचला ऐका. चांगल्या रेडिओवर." त्या म्हणाल्या, "माझा रेडिओ चांगलाच आहे." खरंय म्हणा.

मंगळवार, २६ मार्च

थेट प्रक्षेपणाचा अर्ज भरला. साहेबांनी सही करताना नुसतं विचारलं, "या वेळी बेकरीवाला ना?" मी म्हटलं, "पाहुण्यांत थोडा बदल आहे." खोटं नाही बोलले.

गुरुवार, २८ मार्च

अक्षर तर बघ कसं वाकडंतिकडं येतंय!

पाच वाजले. लाल दिवा. त्या बटणाचा नाही, प्रक्षेपणाचा. ते बटण मी चिकटपट्टी लावून बंद केलं होतं. मुंगी समोर, गिटार गळ्यात, तोंड पांढरंफटक. बाहेरच्या बाकावर तिचे बाबा. आलेत हे तिला माहीत नव्हतं.

मी बोलले. "दोन आठवड्यांपूर्वी या जागी एका मुलीने वाजवलं. तुम्ही ते ऐकलं नाही. कारण मी ते तुमच्यापर्यंत येऊच दिलं नाही." आणि सगळं सांगितलं, बटणासकट, चार दिवसांसकट. "ज्यांना ती कच्ची वाटली त्यांचे कान चांगले आहेत. कच्ची मी होते. आता ऐका." एवढं म्हणायला मला दीड मिनिट लागलं. आयुष्यातलं सगळ्यात लांब दीड मिनिट!

मुंगीने पहिला सूर लावला. एकच. धरून ठेवला. काच गुणगुणली. शेजारच्या खोलीत बातम्या तपासणारा धावत बाहेर आला. दुसरा सूर, तिसरा, आणि मग तिचा हात जो सुटला तो सुटला! मी हेडफोन घातले होते, या वेळी घातले होते, आणि सगळं, सगळं पोचत होतं. मी खुर्चीत बसून नाचत होते, काचेपलीकडे कोण बघतंय याची शुद्धच नव्हती.

साहेब बघत होते. तावातावाने आले होते, दाराची मूठ हातात होती. दार उघडलं नाही त्यांनी, तसेच मूठ धरून उभे राहिले. तुकडा संपेपर्यंत.

पाच वाजून एकवीस मिनिटांनी फोनचा दिवा लागला. मी प्रक्षेपणातच घेतला.

"ही तीच मुलगी?" गायिकाबाई!

"तीच."

"मग मी तेव्हा काय ऐकलं?"

"माझी चूक ऐकलीत."

सगळा प्रदेश कान लावून बसला असेल. मग त्या म्हणाल्या, "शनिवारी दहा वाजता माझ्याकडे सरावाला पाठवा. मास्तरांनाही बोलावलंय. दोघांना ऐकते." मुंगीने माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय.

बाहेर आल्यावर बाबा उठले. म्हणाले, "त्या दिवशी मी रेडिओ बंद केला तो तुझं वाईट वाटून. वाजवणं वाईट म्हणून नाही." आणि गिटारीची पेटी त्यांनी उचलली.

साहेब म्हणाले, "शनिवारी कार्यालयात या, बाई. साडेअकराला."

शनिवार, ३० मार्च

उद्या महिनाअखेर. मुंगीच्या खिशात तो कागद अजून आहे.

सकाळपासून जीव टांगणीला. दहा वाजले, अकरा वाजले. फोन दर मिनिटाला बघत होते. नवरा म्हणाला, "नोकरी तुझी धोक्यात आहे आणि काळजी तिची करतेस." म्हटलं, "हो, करते."

साडेअकराला साहेबांसमोर. समोर आदेश टाईप करून तयार. म्हणाले, "मी वाईट माणूस नाही, बाई. पण रीत मोडलीत, अर्जात लपवलंत. गुरुवारचा कार्यक्रम चौथ्या भागापासून बातम्यांचे निवेदक करतील. यादी तुमचीच ठेवतोय. तुम्ही हवामान आणि नोकरीच्या जागा. काही म्हणायचंय?"

खरंच होतं. लपवलं होतं. बेकरीवाला, नर्स, गवंडी, सगळ्यांशी दुसराच कुणी बोलणार. नर्सच्या गाळलेल्या सुराविषयी त्याला काय कळणार, गोड गळा नुसता. आदेश घेतला, सही केली.

आणि फोन वाजला. साहेबांसमोरच घेतला, विचारलंसुद्धा नाही.

"ताई!" मॅडम नाही, ताई! मागे ढोल, झांजा, कुणी कुणी ओरडत होतं. "ताई, ऐकू येतंय का? आधी मास्तरांनी वाजवलं, इतकं सुंदर वाजवलं, म्हटलं संपलं. मग माझी तार तुटली. वाजवता वाजवता! मास्तरांनी आपली गिटार काढून माझ्या गळ्यात घातली. माझ्या गुडघ्यापर्यंत येत होती ती! तीच वाजवली. ताई, बाई गाताना मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, ही. ही पाहिजे. ठेवलं मला, ताई! ठेवलं!"

"ठेवलं!" मी किंचाळले. "साहेब, ठेवलं!" आणि टेबलाला वळसा घालून मी साहेबांना कडकडून मिठी मारली. त्यांचा चष्मा माझ्या खांद्याला अडकला.

"कुणाला ठेवलं?" साहेब चष्मा सोडवत म्हणाले.

"मुंगीला! आठ महिने! त्या कागदाचं काय केलंस गं?"

"फाडला! आत्ता! बाबांनी अर्धा फाडला, मी अर्धा!"

साहेबांनी शर्ट सारखा केला. मग थोड्या काळजीनेच म्हणाले, "बाई, तुमचा कार्यक्रम काढून घेतलाय. तुम्हाला ते कळलंय ना?"

"कळलंय, साहेब," म्हटलं. आणि दुःखी दिसायचा अगदी मनापासून प्रयत्न केला, पण माझा चेहरा काही केल्या पडेना.